मूत्रपिंडाची धमनी अरुंद असल्यास शस्त्रक्रियेचा निर्णय कसा घ्यावा

मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद झाली की त्याला रक्त अपुरे मिळते, ते रेनिन हे रक्तदाब वाढवणारे द्रव्य सोडू लागते आणि सगळ्या शरीराचा रक्तदाब चढतो. तिशीच्या आत जडलेला, किंवा मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) गोळीसह तीन औषधे पूर्ण मात्रेत घेऊनही न उतरणारा रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या डॉप्लर तपासणीविषयी (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) विचारावे. धमन्यांचे चित्र घेणाऱ्या सीटी अँजिओग्राफीत शिरेतून देतात त्या औषधाचा मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, म्हणून त्याआधी मूत्रपिंडाचे कार्य दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासावे.

पुढचे सारे कारणावर ठरते. उतारवयात, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, धमनीत चरबीचा थर साचतो. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात हे वेगळे सांगायला नको. अशा रुग्णांना केवळ औषधांच्या तुलनेत स्टेंटने (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीने) फारसा अधिक लाभ होत नाही, असे २००९ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसले. त्यामुळे ‘ब्लॉकेज आहे, स्टेंट टाकू’ एवढ्यावर होकार देऊ नये; मात्र फुप्फुसांत वारंवार एकाएकी पाणी भरत असेल किंवा मूत्रपिंडाचे कार्य झपाट्याने घटत असेल, तर गोष्ट वेगळी. तरुण स्त्रियांत धमनीच्या भिंतीची रचनाच बिघडलेली असेल, तर बहुधा फुग्याची अँजिओप्लास्टी (आत फुगा फुगवून धमनी रुंद करणे) पुरते, स्टेंट लागत नाही. ताकायासू या मोठ्या धमन्यांना दाह होणाऱ्या आजारात, शक्यतो, आधी दाह शमवावा लागतो.

उघडी शस्त्रक्रिया उरते ती अँजिओप्लास्टी फसल्यास, धमनीला फुगवटा असल्यास किंवा तिच्या फांद्याही बाधित असल्यास. महाधमनीपासून मूत्रपिंडापर्यंत बहुधा पायाच्या शिरेचा बायपास जोडतात. महाधमनी कॅल्शियमने कडक झाली असेल, तर यकृताच्या किंवा प्लीहेच्या धमनीतून रक्त वळवतात. गुंतागुंतीच्या प्रकरणात मूत्रपिंड बाहेर काढून, धमनी दुरुस्त करून ओटीपोटात पुन्हा बसवतात. ते आक्रसून जवळजवळ निकामी झाले असेल आणि दुसरे चांगले असेल, तरच काढून टाकण्याचा विचार होतो. अशा शस्त्रक्रिया किती केल्या, हे शल्यविशारदाला निःसंकोच विचारावे.

खानापूर, चिकोडी, अथणीकडून बेळगावला येताना जुने अहवाल आणि गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत. आरोग्य कर्नाटक योजनेतून उपचार घ्यायचे असल्यास सरकारी दवाखान्याचे शिफारसपत्र आधी मिळवावे आणि कागद कन्नडमध्ये असतील, तर सही करण्यापूर्वी जाणकाराकडून समजून घ्यावेत. शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब उतरला, तरी गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत. धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा डॉप्लर करून घ्यावे.