आम्ल-आम्लारी शिकताना आधी काय पक्कं करावं

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं मी बरीच वर्षं घेत आलो आहे. आम्ल-आम्लारीच्या धड्यात मुलं नेमकी कुठे अडतात असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. लॉगरिदम आणि बफर (थोडं आम्ल किंवा आम्लारी घातली तरी आम्लता फारशी न बदलणारं द्रावण) यांची धास्ती सगळ्यांनाच असते, पण ती गणितं सरावाने जमतात. खरी अडचण होते ती तीव्र आम्ल म्हणजेच संहत आम्ल, असं मनात घट्ट बसलं की. मग पुढचं काहीच नीट लागत नाही.

म्हणून कुठलंही आम्ल समोर आलं की दोन प्रश्न वेगवेगळे विचारायची सवय लावून घ्या. द्रावणात आम्ल घातलंय किती? आणि घातलेल्या रेणूंपैकी प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन आयन, सोडलाय कितींनी? पहिल्याचं उत्तर तुमच्या हातात असतं. पाणी ओतलं की द्रावण विरल होतं. दुसऱ्याचं उत्तर, म्हणजे आम्ल तीव्र की सौम्य, हे प्रामुख्याने त्या आम्लाच्या विचरण स्थिरांकावर (रेणू पाण्यात किती सहज सुटे होतात हे सांगणाऱ्या आकड्यावर) ठरतं. हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही विरल केलं तरी तीव्रच राहतं, आणि ॲसिटिक आम्ल कितीही संहत असलं तरी सौम्यच.

वाचताना हे पटतं, पण पक्कं होतं ते प्रयोगाने. दोन कॉनिकल फ्लास्क घ्या. एकात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिलि, दुसऱ्यात तितक्याच संहततेचं तितकंच ॲसिटिक आम्ल. पीएच म्हणजे द्रावणातल्या हायड्रोजन आयनांचं माप, आयन जास्त तितका आकडा लहान. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड पहिल्यात बुडवला की आकडा १ च्या आसपास येतो. इलेक्ट्रोड धुऊन, टिपून दुसऱ्यात बुडवा, २.९ च्या जवळपास येईल. म्हणजे दुसऱ्या फ्लास्कमध्ये हायड्रोजन आयन सुमारे ७५ पटींनी कमी. इथे थांबून मी मुलांना विचारतो, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड कुणाला किती लागेल? बहुतेक जण सांगतात, दुसऱ्याला अगदी थोडं. मग ब्युरेट भरायचं, आम्ल संपल्याचं रंगाने दाखवणाऱ्या दर्शकाचे, फिनॉल्फ्थॅलीनचे, दोन थेंब टाकायचे आणि बघायचं. पहिल्याला २५ मिलि लागतं. दुसऱ्यालाही २५ मिलिच लागतं.

याचं कारण त्या दोन प्रश्नांतच आहे. ॲसिटिक आम्लाच्या हजार रेणूंपैकी त्या क्षणी जेमतेम १३ रेणू सुटे झालेले असतात, आणि मीटरला दिसतात ते तेवढेच. पण हायड्रॉक्साइडने त्यांचे प्रोटॉन उचलले की समतोल बिघडतो आणि आणखी रेणू सुटे होतात. असं करत करत शेवटचा रेणूही आपला प्रोटॉन देतो. पीएच सांगतो आत्ता किती प्रोटॉन मोकळे आहेत. टायट्रेशन, म्हणजे आम्ल संपेपर्यंत ब्युरेटने हायड्रॉक्साइड घालत जाणं, सांगतं एकूण देण्याजोगे किती आहेत. हा फरक ज्याला दिसला, त्याला बफर समजायला वेळ लागत नाही.

दर्शक कुठला घ्यायचा तेही इथूनच कळतं. ॲसिटिक आम्ल पूर्ण संपतं तेव्हा फ्लास्कमध्ये उरतो सोडियम ॲसिटेट, आणि तिथे पीएच ७ नसतो, ८.७ असतो. फिनॉल्फ्थॅलीन ८.२ ते १० या पट्ट्यात रंग बदलतं, म्हणून ते चालतं. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये बदलतं. ते वापरलं तर निम्मंसुद्धा आम्ल संपायच्या आत रंग बदलून मोकळा, तोही हळूहळू, त्यामुळे नेमकं थांबायचं कुठे ते कळतच नाही. फिनॉल्फ्थॅलीनचा रंगही जपून बघावा. फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवा आणि ढवळल्यावर अर्धा मिनिट टिकेल इतका फिका गुलाबी आला की थांबा. नंतर तो रंग हळूहळू उडतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळत असतो. रंग उडाला म्हणून आणखी एक थेंब टाकू नका.

सोडियम ॲसिटेटचं द्रावण आम्लारिधर्मी का, याचं उत्तर अऱ्हेनियसच्या व्याख्येत सहज सापडत नाही. ती व्याख्या आयनांच्या १८८४ च्या मांडणीतून आलेली: पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देतं ती आम्लारी. ॲसिटेटमध्ये हायड्रॉक्साइड नाही, अमोनियातही नाही, तरी दोन्ही आम्लारीसारखे वागतात. १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, विचार पुढे नेला: प्रोटॉन देतं ते आम्ल, घेते ती आम्लारी. ॲसिटेट पाण्याकडून प्रोटॉन घेतो, मागे हायड्रॉक्साइड राहतो, इतकं सरळ. मला ही व्याख्या फार आवडते. प्रत्येक अभिक्रियेत प्रोटॉन कुणाकडून कुणाकडे गेला हे बोटाने दाखवता येतं. वहीत अभिक्रिया लिहाल तेव्हा तेवढा एक बाण काढाच.

पीएचबद्दल, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या सामूबद्दल, थोडंच सांगतो. सोरेनसनने १९०९ मध्ये ही मोजपट्टी दिली. ती लॉगरिदमची आहे, म्हणून ३ आणि ५ मधला फरक दोनचा नसून शंभर पटींचा आहे. ७ म्हणजे उदासीन, हे २५ अंश सेल्सियसला खरं. ६० अंशांना शुद्ध पाण्याचा पीएच ६.५ च्या आसपास येतो आणि तरीही ते उदासीनच असतं, कारण दोन्ही आयन सारखेच असतात. परीक्षेत हमखास येणारा एक प्रश्न: हायड्रोक्लोरिक आम्लाची संहतता १० चा उणे ८ वा घात मोलर असेल तर पीएच किती? पीएच = −log[H⁺] या सूत्रात आकडा टाकला की ८ येतो. पण आम्ल घालून पाणी आम्लारिधर्मी कसं होईल? पाण्याचे स्वतःचे आयन धरले की उत्तर येतं ६.९८. उत्तर लिहिण्याआधी ते शक्य तरी आहे का, हे असं तपासा.

प्रयोगशाळेत एक नियम कुठल्याही घाईत मोडू नका: आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्यापेक्षा पावणेदोन पटींहून जड. वरून ओतलेलं पाणी त्याच्यावर तरंगतं, तिथेच उष्णतेने उकळतं आणि आम्लासकट अंगावर उडतं. चष्मा डोळ्यांवर हवा, कपाळावर नको.

ल्युइसची व्याख्याही १९२३ चीच, इलेक्ट्रॉनची जोडी घेणारं ते आम्ल. सुरुवातीला ती बाजूला ठेवली तरी चालेल. बोरिक आम्लापाशी पोहोचलात की मात्र ती पुन्हा हाती घ्या. त्या रेणूत हायड्रोजन आहेत, पण पाण्यात तो त्यातला एकही सोडत नाही. बोरॉन पाण्याचा हायड्रॉक्साइड आपल्याकडे ओढून घेतो, आणि सुटतो तो प्रोटॉन पाण्याचा असतो.