त्याच दिवशी दात बसवायचे असतील, तर आतली पट्टी कशाची घ्याल?

जबड्याच्या हाडात चार इम्प्लांट (दातांना आधार देणारे स्क्रू) घातल्यावर लगेच त्यांवर पूर्ण जबड्याचे, काढता-घालता न येणारे तात्पुरते दात द्यायचे ठरले की पेशंट दातांचा रंग विचारतो, डॉक्टर विचारतात काम कधी मिळेल. लॅबमधून माझा पहिला प्रश्न असतो तो टॉर्कचा, म्हणजे इम्प्लांट हाडात फिरवून बसवताना किती पीळ लागला याचा. प्रत्येक इम्प्लांटला 35 न्यूटन-सेंटीमीटरच्या आसपास टॉर्क मिळाला असेल तरच पुढे जाऊ. तेवढा नसेल तर थांबावं, असं मी स्पष्ट सांगते.

कारण त्या दिवशी हाडाने इम्प्लांटला धरलेलं नसतं, पकड असते ती फक्त आट्यांची. पुढच्या दोन ते चार आठवड्यांत तीही सैल होते, कारण जुनं हाड झिजून नवं तयार होत असतं. या काळात इम्प्लांट साधारण 150 मायक्रॉनच्या वर हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी तंतुमय ऊतक तयार होण्याचा धोका असतो. चारही इम्प्लांट एकमेकांना बांधून ठेवायचं काम फ्रेमवर्कचं, म्हणजे दातांच्या आतल्या पट्टीचं.

तात्पुरते दात ज्या प्लास्टिकचे असतात, त्या नुसत्या ॲक्रिलिकला ते झेपत नाही. त्याचा कडकपणा जेमतेम 3 गिगापास्कल, पीक (PEEK) या मजबूत प्लास्टिकचा 4च्या आसपास. टायटॅनियमचा मात्र 110, कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचा आणि झिर्कोनिया या सिरॅमिकचा 200च्या आसपास. ‘पीक धक्का शोषतं’ हे मी खूप ऐकते, पण पहिल्या दिवसाच्या कामाला मी ते घेत नाही. ॲक्रिलिकच्या आत टायटॅनियमची पट्टी, हीच माझी पसंती. झिर्कोनिया भट्टीत 20 टक्क्यांहून जास्त आकसतं आणि नंतर कापून जोडता येत नाही, म्हणून ते अंतिम दातांसाठी ठेवा.

धातू चांगला घेऊन पट्टी बारीक केली, तर उपयोग नाही. उंची दुप्पट केली की वाकणं आठपट कमी होतं, आणि मागे लटकणारा भाग दुप्पट केला की आठपट वाढतं. तात्पुरत्या दातांत शेवटच्या इम्प्लांटच्या मागे दाढ लावूच नका.

कडक पट्टीला मात्र पॅसिव्ह फिट हवाच, म्हणजे ती कुठेही ताण न देता सगळ्या इम्प्लांटवर बसली पाहिजे. ती स्वतः वाकत नाही, ताण सरळ इम्प्लांटवर टाकते. जबड्याच्या मॉडेलवर एका टोकाचा एकच स्क्रू घट्ट करा, बाकीचे मोकळे ठेवा. भिंगातून दुसरं टोक पाहा, कडेने प्रोब (बारीक टोकाची सळई) फिरवा. टोक अडकलं किंवा फट दिसली, तर स्क्रू आवळून ती मिटवू नका. पट्टी कापा, रेझिनने जागेवर धरा, लेझरने जोडा आणि पुन्हा तपासा. तोंडात हीच तपासणी परत करा, कड हिरडीखाली असेल तर एक्स-रे काढा. भूल उतरली नसेल तर पेशंटच्या ‘ठीक आहे’वर विसंबू नका, त्याला ताण जाणवतच नसतो.

स्क्रू आधी हाताने, आलटूनपालटून लावा. मग कंपनीने दिलेल्या टॉर्कवर घट्ट करा. एकदा बसली की पहिले काही आठवडे विनाकारण पट्टी उघडू नका. ती निघाली की प्रत्येक इम्प्लांट एकटा पडतो, आणि स्क्रू सोडवताना लागणारा पीळ थेट त्याच्यावर येतो.