पंख्याला स्मार्ट रिले बसवताय? या चुका टाळा

दिवसभर रबाळ्याला पॅनल वायरिंग करून ऐरोलीला घरी यावं, चहा गॅसवर ठेवावा, की फोन वाजतोच. "ताई, पंख्याचा स्मार्ट रिले परत ऑफलाइन दाखवतोय. ॲप काढून परत टाकलं, राउटर बदलला, तरी तेच." स्मार्ट रिले म्हणजे बोर्डाच्या आत बसणारं, मोबाईलवरून पंखा चालू-बंद करणारं छोटं मॉड्यूल. माझं उत्तर ठरलेलं असतं. मोबाईल ठेव खाली, मेन बंद कर, बोर्ड उघड आणि आतला फोटो पाठव. फोटो बघितला की बहुतेक वेळा खाली लिहिलेल्या दोन मोठ्या चुकांपैकी एक दिसतेच. बिघाड वायरीत आणि माणूस शोधतो ॲपमध्ये.

पहिली चूक बघितली की माझं डोकंच फिरतं: न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी काळी वायर, सापडली नाही म्हणून अर्थिंगची हिरवी वायर जोडणे.

हे का होतं ते आधी सांगते. साध्या खटक्याला न्यूट्रलशी देणंघेणं नसतं. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, खटक्यात येते, तिथून रेग्युलेटरला, तिथून वर छताकडे. न्यूट्रल वरच्या वर पंख्याला गेलेली असते. रिले मॉड्यूलचं तसं नाही. त्याच्या पोटात वायफाय आहे, ते चोवीस तास जागं राहायचं, म्हणजे त्याला स्वतःसाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही हव्यात. माणूस बोर्ड उघडतो, काळी वायर दिसत नाही, हिरवी दिसते. लावून बघतो. दिवा लागतो. "चालतंय की!"

कोपरखैरण्याला ओळखीतल्या एका मुलाने असेच चार मॉड्यूल बसवले. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, व्हिडिओ बघून एका रविवारात काम उरकलं. तीन आठवडे सगळं झकास. मग पहिला पाऊस पडला आणि त्याच्या आईला वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. मशीनवाल्याला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा त्याने मशीन तपासलं, काही सापडलं नाही, व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. शेवटी मला फोन. मी मल्टीमीटरची एक काडी प्लगमधल्या न्यूट्रलला आणि दुसरी मशीनच्या पत्र्याला लावली, तर दीडशेच्या वर व्होल्ट! मशीन बंद, तरी. मग डीबीतला (घरातले सगळे एमसीबी स्विच असतात त्या पेटीतला) फक्त पंख्यांच्या लाइनचा एमसीबी पाडला. पत्र्यावरचे व्होल्ट गायब.

झालं होतं असं की डीबीत अर्थिंगची मुख्य वायर स्क्रूतून निसटली होती. म्हणजे घरातल्या सगळ्या हिरव्या वायरी एकमेकींना जोडलेल्या, पण जमिनीला कुणीच नाही. त्यात या चार मॉड्यूलांनी आपापल्या पोटातून फेज सोडलेली. ती फ्रिज, गीझर, मशीन, सगळ्यांच्या अंगावर जाऊन बसली. मुलगा म्हणतो, "पण मावशी, तीन आठवडे चाललं ना." आई ओट्यापाशी उभी होती, मी काही बोलले नाही.

आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडते ती) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. घरातली आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअरची असते आणि एक मॉड्यूल स्वतःसाठी जेमतेम चार-पाच मिलिअँपिअर खातं. ती पडत नाही, म्हणून तर लोक फसतात.

उपाय काय? ज्या बोर्डावर प्लग आहे त्यात न्यूट्रल असतेच, तिथून घ्या. मात्र ती त्याच लाइनची हवी. दुसऱ्या खोलीच्या लाइनची उसनी न्यूट्रल आणली तर वेगळाच घोळ होतो. बोर्डावर प्लग नसेल तर शेजारच्या बोर्डातून पाइपातून काळी वायर ओढून आणायची. सिडकोच्या जुन्या घरांत पाइप इतके गच्च असतात की स्प्रिंग पुढे जात नाही. तिथे गुपचूप लायसन्सवाला वायरमन बोलवा. काहीजण यावर शक्कल लढवतात: मॉड्यूल वर पंख्याच्या वाटीतच बसवायचं, तिथे न्यूट्रल आयती मिळते. मिळते खरी, पण तिथली फेज रेग्युलेटरमधून आलेली असते. म्हणजे थेट दुसऱ्या चुकीत उडी.

ही दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. मॉड्यूलला फेज द्यायची ती रेग्युलेटरच्या आधीची. मी घाईत नंतरची दिली. रात्रीचे साडेदहा वाजलेले, पाहुणे यायचे होते, दोन वायरी जवळ दिसल्या, जोडून टाकल्या. पंखा पाचवर असला की उत्तम. दुसऱ्या दिवशी मात्र टिक... टिक... टिक. रिले आपोआप लागतोय, पडतोय. मी नवं मॉड्यूल मागवलं. त्याचंही तेच. राउटर कपाटावरून टेबलावर आणला. तीन दिवस गेले. आमचे सासरे झोपाळ्यावर पेपर वाचत सगळं बघत होते. ते म्हणाले, "अगं, पंखा जोरात असला की चालतंय. हळू केला की ते टकटक सुरू होतं."

झटकन ट्यूब पेटली. रिले बंद असताना रेग्युलेटरवर भार नसतो, मॉड्यूलला पुरेसे व्होल्ट मिळतात, ते जागं होतं. आपण रिले लावला की पंखा भार घेतो, रेग्युलेटरनंतरचे व्होल्ट धाडकन उतरतात, मॉड्यूल उपाशी पडतं आणि रिले सुटतो. भार गेला, व्होल्ट परत वर, मॉड्यूल परत जागं, मागची स्थिती आठवून परत रिले लावतं. हाच फेरा रात्रभर. म्हणून क्रम पक्का: फेज आधी मॉड्यूलला, मॉड्यूलच्या आउटपुटमधून रेग्युलेटरला, तिथून पंख्याला.

बाकीच्या चुका थोडक्यात.

जुना खटका मॉड्यूलच्या आधी तसाच ठेवू नका. घरातलं कुणीतरी सवयीने तो बंद करणार आणि ॲपमध्ये ऑफलाइन येणार. खटका एस-वन, एस-टू या टोकांना जोडायचा. अनेक मॉड्यूलांत त्या टोकांना फेज द्यायची नसते, नुसता खटका जोडायचा असतो. दिलीत तर धूर निघेल. सोबतच्या कागदावरची आकृती बघा. तो कागद खोक्याबरोबर फेकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

रिलेचा टक आवाज येतो पण पंखा थांबत नाही? आतले कॉन्टॅक्ट चिकटलेत. पेचकसाच्या मुठीने हलकं टोकल्यावर सुटले तरी फसू नका, मॉड्यूल बदला. रिलेवरचा 10 अँपिअरचा आकडा हीटरसारख्या सरळ भाराचा असतो. मोटर बंद होताना ठिणगी पडते ती निराळी. नवीन बसवताना पंख्याला समांतर स्नबर (ठिणगी शोषणारा छोटा भाग) टाका.

बल्बचा डिमर पंख्याला लावू नका, घूं घूं करत राहतो. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, रिमोटवाल्या) पंख्याला रेग्युलेटर नको आणि त्याची फेज रिलेने सारखी तोडू नका. त्याचा रिमोट कशाला दिलाय?

पंखा हळू फिरतो म्हणून रिलेला शिव्या घालण्याआधी रिलेला वगळून सरळ फेज देऊन बघा. बहुतेकदा पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर म्हातारा झालेला असतो.

जोडणीच होत नसेल तर राउटरचं 2.4 गिगाहर्ट्झचं नाव 5 पासून वेगळं करा. ही मॉड्यूलं सहसा 5 वर येतच नाहीत. बोर्डामागे लोखंडी डबा असेल तर सिग्नल तिथेच मरतो.

मे महिन्यात रात्री दोनला लाईट जाऊन आली आणि पंखा बंदच राहिला, तर मॉड्यूल बिघडलेलं नाही. लाईट आल्यावर काय करायचं ते सेटिंग 'बंद' वर आहे. 'मागची स्थिती' निवडा.

टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, असं धरू नका. माझी सवय: आधी चालू प्लगवर टेस्टर पेटतो का बघायचं, मग वायरीवर, मग पुन्हा त्याच प्लगवर. एमसीबी फक्त फेज तोडतो. कुणी फेज-न्यूट्रल उलटी जोडली असेल तर तो पाडूनही बोर्डात करंट राहतो, म्हणून मी मेनच बंद करते.

आणि वायरी पिळून टेप गुंडाळणं नकोच, कनेक्टर वापरा. नेरूळ-वाशीला खाडीकडच्या घरांत एका पावसाळ्यात त्या टेपखाली तांब्यावर हिरवा थर चढतो. असं टोक दिसलं तर खरवडत बसू नका. दोन इंच कापा, नवं सोला आणि स्क्रू आवळून वायर ओढून बघा.