गोल्फचा स्विंग सुधारताना सुरुवात कुठून करावी

खारघरच्या डोंगराच्या कुशीत, सेंट्रल पार्कलगत सिडकोचे गोल्फ कोर्स झाल्यापासून हा खेळ केवळ मुंबईतल्या जुन्या क्लबांच्या सभासदांचा राहिलेला नाही, आणि ठाणे-नवी मुंबईतले चाळिशी गाठलेले अनेक जण आता हौसेने क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात घेताना दिसतात. त्यांच्यापैकी बहुतेकांचे हात टेनिस चेंडूच्या क्रिकेटवर घडलेले असतात आणि स्विंगमधले, म्हणजे क्लब फिरवण्यातले, पुष्कळसे दोषही तिथूनच आलेले असतात. तरीही ते सुधारणेची सुरुवात करतात ती बॅकस्विंगपासून, म्हणजे क्लब मागे व वर नेण्यापासून: हात किती वर न्यावेत, कोपर कुठे असावे, मनगट केव्हा वळवावे. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो, आणि त्या क्षणी क्लबफेस, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी सपाट बाजू, कोणीकडे पाहत होता, क्लब कोणत्या मार्गाने व किती वेगाने आला आणि चेंडू फेसवर नेमका कुठे लागला, यांवरच पुढचे सगळे ठरते. म्हणून आधी तो क्षण तपासावा आणि तिथून मागे मागे जात कारण शोधावे.

पुढील सर्व सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात.

चेंडू कोणत्या दिशेने निघाला आणि नंतर कोणीकडे वळला, या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहण्याची सवय प्रथम लावून घ्यावी. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबफेसच्या दिशेने, आणि हवेत वळतो तो फेस व क्लबचा मार्ग यांच्यात जो कोन असतो त्यामुळे. नवशिक्यांना छळणारा स्लाइस, म्हणजे उजवीकडे वाहत जाणारा चेंडू, हा क्लबच्या मार्गाच्या तुलनेत फेस उघडा राहिल्याचा परिणाम असतो. त्यावर बहुतेक जण डावीकडे तोंड करून उभे राहतात. त्यामुळे क्लबचा मार्ग आणखी डावीकडे जातो, फेसशी होणारा कोन वाढतो आणि स्लाइस कमी होण्याऐवजी बळावतो.

मात्र हे निदान करण्यापूर्वी चेंडू फेसच्या मध्यभागी लागतो आहे ना, याची खात्री करावी. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर एक जाड ठिपका काढावा, तो ठिपका क्लबकडे येईल असा चेंडू ठेवून फटका मारावा आणि फेसवर उमटलेली खूण पाहावी. नंतर कोरड्या फडक्याने ती सहज पुसता येते. ड्रायव्हरवर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबवर, ही खूण दांड्याच्या बाजूला, म्हणजे क्लबच्या टाचेकडे सरकलेली आढळली, तर चेंडू उजवीकडे वळण्याचे कारण तेच असू शकते, आणि मग ग्रिप, म्हणजे क्लबची पकड, बदलण्यापूर्वी चेंडूपासूनचे अंतर आणि शरीराचा तोल तपासावा.

खूण मध्यावर असूनही चेंडू वळत असेल तर ग्रिपकडे यावे, आणि इथे घाई करू नये. क्लबचा दांडा डाव्या हाताच्या तळव्यातून आडवा न जाता बोटांच्या मुळाशी बसला पाहिजे. वरून पाहिल्यावर डाव्या मुठीवरचे, बोटांच्या मुळाशी असलेले किमान दोन उंचवटे दिसावेत आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधील व्ही आकार उजव्या खांद्याकडे रोखलेला असावा. उजव्या तळव्याच्या मधल्या खोलगट भागाने डावा अंगठा झाकावा. उजवी करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर ठेवायची की बोटे एकमेकांत गुंतवायची, हा प्रश्न गौण आहे: ब्रिटनची ओपन स्पर्धा सहा वेळा जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डनने पहिली पद्धत रूढ केली, तर जॅक निकलॉसने दुसऱ्या पद्धतीने कारकीर्द गाजवली. आपल्याकडच्या हवेत तळहात घामेजतात, क्लब निसटण्याच्या भीतीने पकड आवळली जाते आणि मग मनगटे व खांदे ताठरतात. म्हणून कोरडा नॅपकिन जवळ ठेवावा, आणि दांड्यावरची रबरी ग्रिप अधूनमधून कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुवावी. नवी पकड पहिल्यांदा चुकीचीच वाटते आणि काही चेंडू डावीकडे जातात, पण तेवढ्यावरून त्याच दिवशी जुन्या पकडीकडे परतू नये.

आता क्रिकेटमुळे जडलेल्या सवयीकडे वळू. गल्लीत किंवा मैदानात चेंडू उचलून मारताना आपण मागच्या पायावर रेलतो आणि खालच्या हाताने बॅट वर ढकलतो. गोल्फमध्ये हीच हालचाल आयर्नचा, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबचा, घात करते, कारण क्लबचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो: मग क्लब आधी जमिनीत रुततो किंवा वर येता येता चेंडूच्या डोक्याला लागतो. वास्तविक चेंडू वर उचलण्याची जबाबदारी खेळाडूची नाहीच. सात नंबरच्या आयर्नच्या फेसला सुमारे 30 अंशांचा किंवा त्याहून अधिक उतार असतो आणि चेंडूला चढवण्याचे काम तो करतो. खेळाडूने खाली येणाऱ्या क्लबने आधी चेंडू आणि मग जमीन गाठायची असते.

याच्या सरावासाठी रांगोळीइतके स्वस्त आणि प्रामाणिक साधन दुसरे नाही. जिथे सराव करण्याची परवानगी आहे अशा मऊ गवतावर, लक्ष्याच्या दिशेला काटकोनात, रांगोळीची हातभर रेघ ओढावी, ती दोन्ही पावलांच्या मध्यापासून किंचित पुढे येईल असे उभे राहावे आणि चेंडू न ठेवता नऊ नंबरच्या आयर्नने कमरेपासून कमरेपर्यंत अर्धा स्विंग घ्यावा. गवत रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला उखडले पाहिजे. ते मागे उखडत असेल तर उजवे पाऊल मागे घेऊन फक्त चवड्यावर टेकवावे, बहुतांश भार डाव्या पायावर द्यावा आणि तसाच स्विंग पुन्हा करावा. या स्थितीत मागे रेलायला जागाच उरत नाही. नियमित खूण पुढे पडू लागल्यावरच रेघेवर चेंडू ठेवावा.

रेंजवरची, म्हणजे सरावाच्या मैदानावरची, कृत्रिम मॅट या बाबतीत चक्क खोटे बोलते. क्लब चेंडूच्या मागे पडला तरी तो मॅटवरून घसरत चेंडूपर्यंत पोहोचतो आणि फटका बरा वाटतो; पावसाळ्यातल्या ओल्या फेअरवेवर, म्हणजे कोर्सवरच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, तोच स्विंग चिखल उडवतो. मॅटवर खेळणे भाग असेल तर चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर घडी घातलेला पंचा ठेवावा आणि त्याला न शिवता चेंडू मारावा.

आधी चेंडू आणि मग जमीन हा नियम ड्रायव्हरला लागू नाही. तिथे चेंडू डाव्या टाचेसमोर आणि टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असा ठेवावा की तो क्लबच्या वरच्या कडेपेक्षा अर्धा वर दिसेल, आणि क्लब सर्वांत खालचा बिंदू ओलांडून किंचित वर येताना लागला पाहिजे.

बॅकस्विंगच्या देखणेपणाची चिंता एवढे झाल्यावर बरीच कमी होते. अमेरिकन गोल्फपटू जिम फ्युरिकच्या स्विंगमधील विचित्र वळसा पाहून कोणताही प्रशिक्षक अस्वस्थ होईल, तरीही त्याने 2003 मध्ये यूएस ओपन जिंकली, कारण चेंडूपाशी त्याचा क्लबफेस प्रत्येक वेळी ठिकाणावर असायचा. सांभाळायची ती लय: कसलेल्या खेळाडूंच्या बॅकस्विंगला डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ लागतो आणि खाली येताना कंबर आधी, मग छाती, मग हात आणि शेवटी क्लब असा क्रम असतो. हौशी खेळाडू वरूनच हाताने घाव घालतो, आणि अंतर वाढवण्याच्या हव्यासाने ही घाई आणखी वाढते. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची अदिती अशोक चौथी आली, तेव्हा तिच्यापेक्षा कितीतरी लांब मारणाऱ्या खेळाडू तिच्या मागे होत्या.

मोबाइलवर चित्रण करायचे असेल तर स्लो मोशनमध्ये आणि दोनच बाजूंनी करावे: एकदा छातीसमोरून, एकदा लक्ष्याच्या रेषेत हातांच्या मागून. फोन हातांच्या उंचीवर आणि स्थिर असावा. तो थोडा जरी बाजूला सरकला तरी क्लबचा मार्ग आहे त्यापेक्षा वेगळा दिसतो आणि नसलेल्या दोषावर इलाज सुरू होतो. पावलांची दिशा तपासायला महागड्या काठ्या विकत घेण्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानातील वायरिंगचा पीव्हीसी पाइप तुकडे करून आणला तरी पुरतो. (पावसाळ्यात घरच्या घरी सराव करणाऱ्यांनी आधी पंखा बंद करावा, आणि आपल्या फ्लॅटच्या छताची उंची लक्षात घेऊन अर्ध्या स्विंगवरच थांबावे.)

रेंजवर बादलीभर चेंडू एकामागून एक मारत सुटणे हा व्यायाम झाला, सराव नव्हे. कंबर व खांदे मोकळे करून घ्यावेत, बादलीतला पहिला हिस्सा फक्त एका सुधारणेसाठी ठेवावा आणि उरलेले चेंडू प्रत्येक वेळी क्लब व लक्ष्य बदलून, कोर्सवर असल्यासारखे मारावेत. काही आठवडे उलटूनही फेसवरची किंवा गवतावरची खूण जागची हलत नसेल, तर प्रोकडे, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षकाकडे, जावे आणि त्याला स्विंग दाखवण्याआधी त्या खुणांचे फोटो दाखवावेत.