बारीक टोकाच्या पेनने दगडी जाळी रेखाटताना

ग्वाल्हेरला तानसेनांच्या समाधीशेजारी असलेल्या सूफी संत मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याची जाळी काढायला बसलेले नवशिके बहुधा आधी दगडाच्या पट्ट्या गिरवू लागतात आणि चित्र तिथेच बिघडते. बाहेरून पाहताना दगड उजळ आणि भोके काळी दिसतात. म्हणून शाई भोकांत भरावी आणि दगडाच्या जागी कोरा कागद राखावा. शाईखाली गेलेला पांढरा परत मिळत नाही, तेव्हा तो कुठे राहणार हे २एच पेन्सिलीच्या फिकट रेघांनी आधीच ठरवून घ्यावे.

कागद गुळगुळीत आणि जाड, साधारण २०० जीएसएमचा घ्यावा, कारण खरखरीत कागदाचे तंतू टोकात अडकतात. पेनवरील आकड्याला मिलिमीटर समजू नये: पिग्मा मायक्रॉन या बारीक टोकाच्या पेनांपैकी ००५ ची रेघ ०.२० मिमी, तर ०५ ची ०.४५ मिमी असते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून सकाळी निघताना मी हे दोनच पेन बरोबर घेतो. एवढ्या कामाला ते पुरतात.

पेन जवळजवळ उभा धरावा आणि अजिबात दाबू नये, कारण दाबाने रेघ जाड होत नाही, उलट टोक आत जाते किंवा पिसते. रेघेच्या शेवटी हात थांबला तर तिथे शाईचा ठिपका फुगतो, म्हणून हात चालता ठेवूनच पेन उचलावा.

आता एकच भोक जवळून पाहा. दगडाला जाडी असल्यामुळे तिरके पाहिले की भोकाची एक आतली कड दिसते आणि ती काळोखापेक्षा फिकी असते. त्या कडेवर ००५ ने एकाच दिशेच्या समांतर रेघा ओढाव्यात. उरलेल्या भागात त्या वाळल्यावर थोड्या तिरक्या कोनात दुसरा थर द्यावा आणि सर्वांत खोल कोपराच तेवढा ०५ ने भरावा. सगळी भोके सारखीच काळी केली, तर जाळी कागदावर छापल्यासारखी सपाट दिसते.

पेन्सिल खोडण्याआधी शाई पूर्ण वाळू द्यावी. खोडरबराने काळा थोडा फिका पडतो, तेव्हा खोल जागा पुन्हा एकदा भराव्यात.

मकबऱ्याच्या आत गेल्यावर मात्र सगळे उलटते: उजेड भोकांतून येतो आणि दगड काळवंडतो. तिथे शाई दगडावर चढवायची आणि भोके कोरी सोडायची.