भिशीसोबत दानाचा डबा
संक्रांतीला लुटलेल्या प्लास्टिकच्या वाट्या आमच्या लातुरात घरोघरी पडून असतात. त्यापेक्षा दर महिन्याच्या भिशीला प्रत्येकीनं 50 रुपये दानाचे वेगळे काढा. 20 जणी असल्या तर वर्षाला 12,000 होतात. हा पैसा बचत गटाच्या खात्यात मात्र मिसळू नका. वही वेगळी, सह्या दोघींच्या. दान द्यायची संस्था ठरवण्याआधी दोघी-तिघी जाऊन तिथलं स्वयंपाकघर बघून या. कोठीतल्या डब्यांवरून बरंच कळतं, अहवालापेक्षा जास्त! देणगी चेकनं किंवा यूपीआयनं द्या, कारण 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला 80जीची आयकर सवलत मिळत नाही. पावती सहसा जिच्या खात्यातून पैसे गेले तिच्याच नावावर येते, तेवढं आधीच बोलून घ्या.