मुंज्याला कोकणात नेताना

आमच्या ल्हासा अप्सो कुत्र्याचं नाव मुंज्या. डोळ्यांवरचे केस रबरबँडने वर बांधले की डोक्यावर शेंडी उभी राहते, म्हणून. वर्षातून दोनदा तो आमच्याबरोबर पुण्याहून सावंतवाडीला, माझ्या सासरी येतो. तुमच्याकडे ल्हासा किंवा शित्झू असेल आणि त्याला कोकणात न्यायचं असेल, तर तयारीला आठवडाभर आधीच लागा.

सुरुवात केसांपासून. ल्हासा हे तिबेटच्या कोरड्या थंडीतलं कुत्रं. वर लांब, जाड केस आणि खाली मऊ थर. वरवर ब्रश फिरवला की दिसतं छान, पण आत कातडीपाशी जटा होत राहतात. त्याला कुशीवर झोपवा, केस एका हाताने वर धरा आणि खालून एकेक थर सोडत स्टीलच्या कंगव्याने अगदी मुळापासून विंचरा. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली गुंता हमखास सापडतो. तो सोडवल्याशिवाय अंघोळ घालू नका, पाणी लागलं की गाठ आवळते. पहिल्या वर्षी मी नेमकी हीच चूक केली आणि शेवटी पार्लरमध्ये मुंडणच करावं लागलं. सासूबाई बघून म्हणाल्या, "ह्येची मुंज झाली वाटता!" उन्हाळ्यात मुद्दाम तुळतुळीत भादरणारेही आहेत. ते नको, ऊन थेट कातडीला लागतं. इंचभर केस ठेवायला सांगा.

आम्ही कारने पहाटे निघतो. आदल्या रात्रीनंतर खाणं नाही, पाणी मात्र थोडं थोडं. हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, मागच्या सीटबेल्टला अडकवायचा, मांडीवर घ्यायचं नाही, कितीही केविलवाणं बघितलं तरी. आजऱ्यापर्यंत स्वारी झोपलेली असते. आंबोली घाट उतरायला लागलो की आधी जांभया, मग लाळ, मग उलटी. म्हणून घाटाआधीच दहा मिनिटं पायी फिरवतो, आणि लाळ दिसली की जागा बघून थांबतो. चहाला उतरताना एकाने कुत्र्याबरोबर बाहेरच थांबायचं, बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवायचं नाही. शित्झूवाल्यांनी तर फारच जपावं. त्याचं नाक चपटं, त्यामुळे धाप लवकर लागते.

ट्रेनने जायचं तर फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन, म्हणजे दार असलेला अख्खा कप्पा, पूर्ण आपल्या ताब्यात हवा. टू टायर, थ्री टायर, स्लीपरमध्ये कुत्रं नेता येत नाही. कुत्र्याचं बुकिंग स्टेशनच्या पार्सल ऑफिसमध्ये होतं, म्हणून लसीकरणाचं कार्ड आणि डॉक्टरांचा ताजा दाखला घेऊन दोन-तीन तास आधी पोचा. दुसरा मार्ग म्हणजे ब्रेकव्हॅनमधली, म्हणजे गार्डच्या डब्यातली, कुत्र्याची पेटी. मुंज्याला मी त्यात कधीच घालणार नाही.

पोचल्यावरचा खरा प्रश्न भुंकण्याचा. तिबेटात मठांमध्ये आणि घरांमध्ये ही कुत्री आतली राखण करायची. बाहेर दाराशी साखळीला मोठे मॅस्टिफ कुत्रे, आत हे. त्यामुळे आमच्या सात किलोच्या मुंज्याला पडवीत आलेला प्रत्येक माणूस आपल्या परवानगीनेच आत यावा असं वाटतं. त्याला ओरडू नका, उचलूही नका. पाहुण्यांना बसू द्या, त्याला हुंगू द्या. डोक्यावर वरून हात नको: केसांमुळे हात दिसत नाही आणि तो दचकतो. हात हनुवटीखालून न्यायचा.

स्वयंपाकघरातल्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: कांदा-लसणाचं वाटप लागलेलं मटण नाही, शिऱ्यातले बेदाणे नाहीत, नातवंडांच्या हातचं चॉकलेट तर नाहीच. लाडाने भरवणाऱ्या आत्याबाई प्रत्येक घरात असतात. त्यांच्या हातात आधीच बिनमिठाचा उकडलेला भात आणि चिकन देऊन ठेवायचं.

दमट हवेत ओले केस आतून वाळत नाहीत आणि कातडीला खाज सुटते. पावसात भिजला की टॉवेलने टिपा आणि ड्रायर मंद ठेवून मुळापर्यंत वाळवा. दिवाळीच्या सुमारास गवत वाळलेलं असतं, त्याची कुसळं या केसांत अडकून कातडीत रुततात. परसातून आला की रोज संध्याकाळी उजेडात बसवून कान, काखा आणि पायांच्या बोटांमधली जागा बोटांनी चाचपा. तिथेच गोचीडही सापडतात. ते चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचे. पुण्याला परतल्यावरही मी आठवडाभर हे करते, आणि ताप, मरगळ, न खाणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठते.